रेशीम अळीच्या विषाणूतील प्रोटीएज जनुकाचे कार्य कसे सिद्ध करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रेशीम अळीला ग्रासरी हा रोग करणाऱ्या न्यूक्लिओपॉलिहेड्रोव्हायरसच्या, म्हणजेच बीएमएनपीव्हीच्या, एका विलगित नमुन्यात पपेन या पपईतल्या विकराच्या (एन्झाइमच्या) कुळातील प्रोटीएजशी, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या विकराशी, जुळणारे जनुक तुम्हाला सापडले. ते काढून टाकलेला विषाणू तुम्ही तयार केला, परंतु पेशीसंवर्धनात तो मूळ विषाणूइतकाच जोमाने वाढला. त्यामुळे या जनुकाला काही काम नाही असे मानून विषय सोडून द्यावा का, आणि सोडायचा नसेल तर पुरावा कोणत्या क्रमाने गोळा करावा, असे तुम्ही विचारले आहे.

विषय सोडू नये. तुम्हाला मिळालेला निकाल चुकीचा नाही आणि अनपेक्षितही नाही. याच विषाणूतील याच कुळातल्या जनुकाबद्दल ओकावा, माजिमा आणि माएदा यांनी १९९४ साली जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यातही बीएमएन पेशींमध्ये (रेशीम अळीच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये) जनुक काढून टाकल्याने विषाणूच्या वाढीवर किंवा पॉलिहेड्रांच्या, म्हणजे विषाणुकणांना वेढणाऱ्या प्रथिनस्फटिकांच्या, निर्मितीवर लक्षणीय परिणाम झाला नव्हता. फरक दिसला तो अळीमध्ये. जनुकविरहित विषाणूने मेलेल्या अळ्यांचे शरीर नेहमीसारखे विरघळले नाही, मेदपिंडाच्या, म्हणजे अळीच्या चरबी साठवणाऱ्या ऊतीच्या, पेशी बऱ्याच प्रमाणात शाबूत राहिल्या आणि अळीचा पृष्ठभाग पांढरा राहिला. त्वचेखालच्या पेशी न विघटल्याने तो पांढरेपणा आला असावा, असा अर्थ त्या लेखकांनी लावला. पेशीसंवर्धन हे या जनुकासाठी अपुरे परीक्षास्थान आहे, ही गोष्ट मी या उत्तरात सर्वांत आधी ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या प्रयोगांची मांडणी तिच्यावर अवलंबून आहे.

असे का होते, हे विषाणूच्या जीवनक्रमावरून कळते. तुतीच्या पानाबरोबर पोटात गेलेले पॉलिहेड्रा मध्यांत्राच्या तीव्र अल्कधर्मी रसात विरघळतात आणि आतले विषाणुकण आंत्रपेशींमध्ये शिरतात. त्यानंतर शरीरभर संसर्ग पसरवण्याचे काम पेशींतून अंकुरून बाहेर पडणारे विषाणुकण करतात. संसर्गाच्या शेवटच्या टप्प्यात पेशींच्या केंद्रकांत पुन्हा पॉलिहेड्रा भरतात, आणि पुढच्या अळीपर्यंत पोहोचायचे तर ते मेलेल्या अळीच्या शरीरातून बाहेर पडलेच पाहिजेत. बाटलीतल्या पेशींच्या थराला ना ऊती असतात, ना कायटिनचे कवच. विषाणूला तिथे काहीच फोडून बाहेर यायचे नसते, म्हणून ऊतींचे विघटन करणारे विकर नसले तरी त्याचे तिथे काही अडत नाही.

आता क्रमाने पाहू. अनुक्रमाचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वांत सोपा आहे आणि त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवली जाते. १९९४ च्या निबंधातील प्रथिन ३२३ अमिनो आम्लांचे होते. कॅथेप्सिन बी, एच, एल, एस (ही पेशींतली प्रोटीएज विकरे) आणि पपेन या सर्वांत समान असलेल्या ३६ स्थानांपैकी ३१ स्थाने त्यात तशीच आढळली. तुमच्या जनुकातही सक्रिय केंद्रातले सिस्टीन, हिस्टिडीन आणि ॲस्पॅराजीन, जे पपेनमध्ये अनुक्रमे २५, १५९ आणि १७५ या स्थानी असतात, आपापल्या जागी आहेत का ते पाहावे. सुरुवातीला संकेत पेप्टाइड आहे का, आणि त्यानंतरच्या प्रोपेप्टाइडमध्ये (विकर सक्रिय होताना कापल्या जाणाऱ्या भागामध्ये) कॅथेप्सिन एल गटाची खूण असलेला, काही ठरावीक अमिनो आम्ले ठरावीक अंतराने येणारा आकृतिबंध आहे का, हेही तपासावे. हे सगळे जुळले तरी त्यावरून एवढेच म्हणता येते की हे प्रथिन सिस्टीन प्रोटीएज असण्याची शक्यता दाट आहे. ते पेशीत प्रत्यक्ष काय करते, हे अनुक्रम सांगत नाही. बीएमएनपीव्हीच्या टी-३ प्रकाराचा संपूर्ण जीनोम १९९९ साली प्रसिद्ध झाला असून तो १,२८,४१३ बेसजोड्यांचा आहे. तुमचे जनुक त्याच्याशी शेजारच्या जनुकांसह जुळवून पाहा, कारण शेजार इथे फार महत्त्वाचा आहे. ते का, हे पुढे येईल.

जनुक केव्हा वाचले जाते, हे ठरवण्यासाठी संसर्गानंतर निरनिराळ्या वेळी आरएनए काढून प्रतिलेखनाची सुरुवात कुठे होते ते शोधावे. बॅक्युलोव्हायरसांच्या उशिरा वाचल्या जाणाऱ्या जनुकांची सुरुवात बहुधा टीएएजी या चार अक्षरांच्या खुणेपाशी होते. तशी खूण जनुकाच्या आधी सापडली आणि विषाणूच्या डीएनएची प्रतिकृती थांबवणारे रसायन दिल्यावर प्रतिलेखन थांबले, तर हे उशिराचे जनुक आहे असे निश्चित म्हणता येते. ही वेळ पुढे विकराची क्रिया मोजतानाही उपयोगी पडते. पहिल्या काही तासांत क्रिया दिसली नाही म्हणून निराश होऊ नये. ४८ आणि ७२ तासांचे नमुने घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

विकराची क्रिया मोजण्याचा भाग सर्वांत कष्टाचा आहे आणि बहुतेक गोंधळ याच टप्प्यावर होतात. पेशींचा अर्क करण्यापूर्वी त्या क्षारद्रावणात नीट धुवाव्यात. संवर्धन माध्यमात घातलेल्या गर्भस्थ वासराच्या रक्तद्रवात सिस्टॅटिन कुळातील नैसर्गिक रोधक असतात आणि त्यांचा अंश अर्कात राहिला तर क्रिया विनाकारण कमी दिसते. क्रियेची मोजणी आम्ल पीएचवर, साधारण ४ ते ५.५ या पट्ट्यात, डायथायोथ्रायटॉल किंवा सिस्टीन घालून करावी, कारण सक्रिय केंद्रातील सल्फर ऑक्सिडीकृत झाला की हे विकर निष्क्रिय होते. धातूंचे अंश बांधून ठेवण्यासाठी थोडे ईडीटीए घालणेही हिताचे आहे. सर्वसाधारण प्रथिनविघटन दाखवण्यासाठी ॲझोकेसीन, म्हणजे रंग जोडलेले केसीन प्रथिन, पुरेसे आहे. त्यात न तुटलेले प्रथिन ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लाने खाली बसवून वरच्या द्रावणाचा रंग मोजतात. अधिक संवेदनशील मापनासाठी फेनिलॲलनीन-आर्जिनिन जोडीला चमकणारा रंगद्रव्याचा गट लावलेले कृत्रिम पेप्टाइड वापरतात. कॅथेप्सिन एल ते चांगले तोडते, पण कॅथेप्सिन बीही ते तोडते, त्यामुळे आर्जिनिन-आर्जिनिन असलेले पेप्टाइड जोडीने चालवावे. दुसऱ्या पेप्टाइडवर फारशी क्रिया नाही आणि पहिल्यावर भरपूर आहे, असे दिसले तर एल गटाकडे झुकता निष्कर्ष काढता येतो.

रोधकांच्या बाबतीत एका रोधकावर कधीही विसंबू नये. ई-६४ हा सिस्टीन प्रोटीएजच्या सक्रिय गटाशी कायमचा जोडला जातो, म्हणून साधारण १० मायक्रोमोलर ई-६४ ने क्रिया थांबणे हा मजबूत पुरावा आहे. १९९४ च्या निबंधातही मूळ विषाणूने निर्माण केलेली क्रिया ई-६४ ने रोखली गेली होती. ल्युपेप्टिन मात्र ट्रिप्सिनसारख्या सेरीन प्रोटीएजनाही रोखते, त्यामुळे केवळ त्याच्या आधारावर कूळ ठरवता येत नाही. पीएमएसएफ सेरीन प्रोटीएजसाठी वापरले जात असले, तरी ते पपेनसारख्या विकरांनाही काही प्रमाणात रोखते आणि डायथायोथ्रायटॉल घातल्यावर तो परिणाम उलटतो. म्हणून रसायने कोणत्या क्रमाने घातली, हे नोंदवहीत लिहून ठेवावे. पेप्स्टॅटिन (कॅथेप्सिन डीसारख्या विकरांचा रोधक) घातलेला तुलनेचा नमुना तर आवर्जून असावा, कारण आम्ल पीएचवर पेशींच्या स्वतःच्या लायसोसोममधले कॅथेप्सिन डी जोरात काम करत असते आणि ॲझोकेसीनवरील क्रियेत त्याचा मोठा वाटा असू शकतो. संसर्ग न केलेल्या पेशी, मूळ विषाणूने संसर्गित पेशी आणि जनुकविरहित विषाणूने संसर्गित पेशी, असे तिन्ही अर्क प्रत्येक रोधकासह आणि रोधकाविना एकाच दिवशी, एकाच द्रावणसाठ्यातून चालवावेत. तुमच्या जनुकाची क्रिया म्हणून जो आकडा मांडायचा आहे तो मूळ विषाणू आणि जनुकविरहित विषाणू यांच्या अर्कांमधला, ई-६४ ने नाहीसा होणारा फरक आहे. मूळ विषाणूच्या अर्कातली एकूण क्रिया तो आकडा नव्हे.

इथेच एक बारीक पण फार फसवी गोष्ट सांगतो. हे विकर पेशीत अपूर्ण स्वरूपात, म्हणजे प्रोपेप्टाइडसह तयार होते. अर्क काढताना पेशी फोडल्या, द्रावण थोडे आम्ल झाले आणि नळी मेजावर तशीच राहिली, की प्रोपेप्टाइड आपोआप कापले जाऊन पूर्ण विकर तयार होते. मग वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करून ओळखण्याच्या चाचणीत) लहान आकाराची पट्टी ठळक दिसते आणि ती पेशीतच तयार झाली होती असा समज होतो, वास्तविक ती नळीत तयार झालेली असते. याला उपाय एकच आहे. पेशी बर्फावरून थेट उकळत्या एसडीएस द्रावणात घ्याव्यात आणि त्या द्रावणात ई-६४ आधीपासून घातलेले असावे. असा नमुना आणि थंड सौम्य द्रावणात काढलेला नमुना शेजारी शेजारी चालवला, तर कोणती पट्टी खरी आणि कोणती आपण निर्माण केली हे स्पष्ट दिसते. याच विषाणूच्या जवळच्या नातेवाइकात, एसीएमएनपीव्हीमध्ये, हे विकर संसर्गित पेशीत बराच काळ अपूर्ण स्वरूपात एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये राहते आणि पेशी मरत असताना सक्रिय होते, असे दाखवले गेले आहे. म्हणून तुमच्या पेशींमध्ये प्रथिन कुठे आणि कोणत्या स्वरूपात आहे याचे चित्र निर्दोष असणे हा सौंदर्याचा प्रश्न नाही. निष्कर्षाची दिशाच त्यावर ठरते.

दुसरा सापळा पॉलिहेड्रांचा आहे. मेलेल्या अळ्यांतून काढलेल्या पॉलिहेड्रांना एक अल्कधर्मी प्रोटीएज चिकटलेले असते आणि पॉलिहेड्रा विरघळवल्यावर ते पॉलिहेड्रिनचे तुकडे करते. पेशीसंवर्धनात तयार झालेल्या पॉलिहेड्रांत ते आढळत नाही, म्हणून ते विषाणूचे नसून अळीच्या आतड्यातून किंवा तिच्यातील जिवाणूंतून आलेले मानले जाते. तुमचे विकर आम्ल पीएचवर काम करणारे आहे आणि त्याचा या अल्कधर्मी क्रियेशी संबंध नाही. दोन्ही गोष्टी एका तक्त्यात मिसळल्या तर परीक्षक पहिला आक्षेप तिथेच घेईल, आणि तो योग्यच असेल.

आता जनुक काढून टाकलेल्या विषाणूबद्दल. १९९४ च्या कामात प्रोटीएज जनुकाच्या जागी बीटा-गॅलॅक्टोसिडेजचे जनुक बसवले होते, त्यामुळे हवे ते प्लाक (विषाणूने संसर्गित पेशींचे ठिपके) निळ्या रंगावरून ओळखता येतात. तुम्ही बॅक्मिड (जिवाणूत वाढवता येणारा विषाणूचा जीनोम) वापरला असेल तर काम सोपे झाले असेल, पण समजातीय पुनर्संयोगाने विषाणू तयार केला असेल, तर लागोपाठ तीन वेळा प्लाक वेगळे काढून मूळ विषाणूचा अंशही उरला नाही हे पीसीआर आणि सदर्न ब्लॉट या दोन्हींनी दाखवावे. अळीमध्ये थोडासा मूळ विषाणू मिसळलेला असला, तर त्याचे विकर सगळ्या शरीरात काम करून तुमचा परिणाम झाकून टाकेल. पेशीसंवर्धनात न दिसणारी भेसळ अळीमध्ये दिसते.

शेजाराचा मुद्दा इथे येतो. या विषाणूंमध्ये प्रोटीएज जनुकाला लागूनच, उलट दिशेने वाचले जाणारे, कायटिनेजचे (कायटिन तोडणाऱ्या विकराचे) जनुक असते. दोन्हींची सुरुवात एकमेकांना पाठ लावून असल्यामुळे दोघांचे प्रवर्तक (जनुकाचे वाचन सुरू करणारे डीएनएचे भाग) अगदी छोट्या जागेत सामावलेले आहेत. प्रोटीएज जनुकाचा पुढचा भाग कापताना कायटिनेजचे प्रवर्तक दुखावले गेले, तर एक जनुक काढले असे तुम्ही म्हणाल आणि प्रत्यक्षात दोन्ही बंद पडलेली असतील. एसीएमएनपीव्हीमध्ये तर कायटिनेज नसेल तर प्रोटीएजचे अपूर्ण स्वरूप नीट पूर्णही होत नाही, असे आढळले आहे, आणि अळी विरघळण्यासाठी दोन्ही विकरे आवश्यक असतात. म्हणून जनुकविरहित विषाणूने संसर्गित पेशींमध्ये कायटिनेज पूर्ववत तयार होते आहे, हे प्रथम दाखवावे. त्यानंतर पुढील तीन विषाणू शेजारी ठेवावेत: जनुक काढलेला, तेच जनुक दुसऱ्या ठिकाणी परत घातलेला, आणि सक्रिय केंद्रातले सिस्टीन बदलून ॲलनीन केलेले जनुक परत घातलेला. दुसऱ्याने मूळ लक्षणे परत आणली आणि तिसऱ्याने आणली नाहीत, तर केवळ प्रथिनाची उपस्थिती नव्हे, तर त्याची विकरक्रियाच परिणामाला कारणीभूत आहे हे सिद्ध होते. माझ्या मते हा तिसरा विषाणू नसलेला शोधनिबंध आज अपुरा आहे, आणि तो तयार करायला लागणारा वेळ पूर्णपणे सार्थकी लागतो.

वाढीचा आलेख एकदा नीट काढून ठेवावा. प्रत्येक पेशीमागे पाच ते दहा विषाणुकण या प्रमाणात संसर्ग करून ठरावीक वेळी अंकुरलेल्या विषाणूचे प्रमाण आणि पेशींमागे पॉलिहेड्रांची संख्या मोजावी. आलेख एकमेकांवर बसले तर ते कमतरता म्हणून मांडू नयेत, तो तुमच्या युक्तिवादाचा आधार आहे. विषाणूची वाढ सारखीच असताना अळीत दिसणारा फरक वाढीतल्या फरकामुळे आला असे कोणाला म्हणता येणार नाही.

अळीवरचे प्रयोग संयमाने करावेत. एकाच अंडीपुंजातल्या, एकाच दिवशी कात टाकलेल्या पाचव्या अवस्थेतील अळ्या घ्याव्यात आणि दोन मार्गांनी संसर्ग करावा: अंकुरलेल्या विषाणूचे इंजेक्शन देऊन आणि पॉलिहेड्रा लावलेली पाने खाऊ घालून. पहिल्या मार्गात आंत्रातली पहिली पायरी टाळली जाते, दुसऱ्यात नैसर्गिक क्रम पाळला जातो. दोन्हींमध्ये लक्षणे सारखी आली तर निष्कर्षाला बळ येते. मृत्यूचे प्रमाण आणि मृत्यूला लागणारा वेळ या दोन्ही गोष्टी मोजाव्यात, पण खरी माहिती त्यापलीकडच्या निरीक्षणांत आहे. संसर्गित अळीचा एखादा उदरपाद कात्रीने टोकाशी कापून हिमोलिंफ, म्हणजे अळीचे रक्त, बर्फात ठेवलेल्या नळीत घ्यावे आणि नळीत फेनिलथायोयूरियाचे थोडे स्फटिक आधीच टाकावेत, नाहीतर काही मिनिटांत ते काळे पडते. मूळ विषाणूच्या संसर्गात उशिराच्या टप्प्यावर हे हिमोलिंफ दुधासारखे गढूळ असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पॉलिहेड्रांचा खच दिसतो. मेल्यानंतर त्या अळीला चिमट्याने उचलायला गेले तर त्वचा फाटते आणि आतला द्रव सांडतो. जनुकविरहित विषाणूची अळी तशीच उचलता येते आणि कापल्यावर मेदपिंडाचे पांढरे तुकडे ओळखू येतात. हे छायाचित्रांत टिपावे, मेदपिंडाचे आणि त्वचेचे काप रंगवून ऊतिरचना दाखवावी, आणि अळ्यांचे गट कोणते हे न पाहता दुसऱ्या व्यक्तीकडून विघटनाची श्रेणी ठरवून घ्यावी. लक्षणांची वर्णने व्यक्तिसापेक्ष असल्यामुळे ही शेवटची खबरदारी मला फार मोलाची वाटते.

१९९४ च्या निबंधातील एक निष्कर्ष प्रथमदर्शनी उलटा वाटतो: जनुकविरहित विषाणूच्या संसर्गात हिमोलिंफमध्ये बाहेर पडलेल्या पॉलिहेड्रांची संख्या वाढलेली होती. ऊती फोडणारे विकर नसेल तर पॉलिहेड्रा कमी सुटावेत, असे कोणालाही वाटेल. पण हिमोलिंफमधील संख्या ही किती पॉलिहेड्रा तयार झाले, किती सुटले, ते सुटले तेव्हा अळी जिवंत होती का आणि नमुना कधी घेतला, या सगळ्यांवर अवलंबून असते. म्हणून फक्त एका वेळचा आकडा देऊ नये. हिमोलिंफमधील आणि संपूर्ण शरीर वाटून मिळालेले पॉलिहेड्रा अनेक वेळी वेगवेगळे मोजावेत आणि दोन्हींचे गुणोत्तर मांडावे. तुमच्या कामात नवे काही निघण्याची सर्वाधिक शक्यता मला इथे दिसते.

या जनुकाचा एक व्यावहारिक उपयोगही आहे, तो प्रस्तावनेत जरूर यावा. रेशीम अळीत बीएमएनपीव्हीच्या साह्याने मानवी इंटरफेरॉन तयार करता येते हे माएदा आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवले, आणि तेव्हापासून अळी ही प्रथिने बनवण्याची प्रणाली म्हणून वापरली जाते. बनवलेले प्रथिन हिमोलिंफमध्ये साठत असताना विषाणूचे स्वतःचे प्रोटीएज ते तोडत असेल, तर उत्पादन घटते. म्हणूनच १९९७ साली हे जनुक काढलेला बीएमएनपीव्ही प्रथिन उत्पादनासाठी वापरल्याचे काम प्रसिद्ध झाले, आणि पुढे कायटिनेज व प्रोटीएज ही दोन्ही जनुके नसलेले बॅक्मिडही तयार झाले. तुमचा जनुकविरहित विषाणू या कामालाही तयार आहे. एखादे सहज तुटणारे प्रथिन दोन्ही विषाणूंच्या साह्याने अळीत बनवून त्याची शाबूत पट्टी किती टिकते हे दाखवले, तर कार्याचा आणखी एक स्वतंत्र पुरावा मिळेल.

शेवटी दाव्याच्या मर्यादेबद्दल. शरीर विरघळल्यामुळे विषाणूचा एका अळीकडून दुसऱ्या अळीकडे प्रसार सुलभ होतो, हा विचार आकर्षक आहे आणि १९९४ च्या लेखकांनीही तो शक्यता म्हणूनच मांडला होता. मेलेली अळी कमी विघटली, एवढ्यावरून प्रसार कमी झाला असे लिहू नये. तसे लिहायचे असेल तर मोजक्या संसर्गित अळ्या निरोगी अळ्यांच्या कळपात सोडून, दोन्ही विषाणूंसाठी समान संख्या आणि समान वेळ ठेवून, निरोगी अळ्यांपैकी किती आजारी पडतात ते मोजावे, आणि हा प्रयोग रोजचे शेण व पाला साफ करून आणि न करून असा दोन्ही प्रकारे करावा, म्हणजे शरीरातून सांडलेल्या द्रवाचा वाटा वेगळा ओळखता येईल. प्रयोगशाळेतल्या ट्रेमध्ये हा फरक मिळाला तर प्रसाराचा दावा करावा. फरक मिळाला नाही, तर निबंधात ऊतींचे विघटन एवढाच दावा ठेवावा आणि प्रसार हा शब्द शीर्षकातून काढून चर्चेच्या भागात हलवावा.